पिकणे आणि पिकविणे : परदेशी केळ्याच्या व्यापाराची कथा



फळांच्या वयाविषयी आपली भाषा मोठी जाणती आहे. कैरी प्रथम कोवळी असते, मग निबर होते, पुढे पाडाला येते. पाडाचा आंबा अढीत जातो आणि अढीतून पिकून बाहेर येतो. चिंच गाभुळते. या सर्व शब्दांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही की, फळ आपल्या कलाने पिकते. माणसाने फार तर त्याला गवताची ऊब द्यावी आणि वाट पाहावी. 'पिकणे' हे क्रियापद अकर्मक आहे, त्याला दुसऱ्या कोणाची गरज नाही. त्याचेच प्रयोजक रूप 'पिकविणे'. हे रूप वाक्यात आले की एक नवा कर्ता येऊन आसनावर बसतो आणि ज्याची मुळात ती क्रिया होती ते फळ कर्म होऊन बाजूला सरते. 'केळे पिकते' या वाक्यात केळे धनी आहे. 'व्यापारी केळे पिकवितो' या वाक्यात व्यापारी धनी आहे.

आज जो इतिहास मी आपणापुढे मांडणार आहे तो या धनीपणाच्या पालटाचा इतिहास आहे. केळे हे उष्ण प्रदेशाचे फळ. ते गेल्या दीडशे वर्षांत अमेरिका आणि इंग्लंड यांसारख्या थंड देशांच्या रोजच्या जेवणात जाऊन बसले. हे कसे घडले, त्यासाठी काय शोधावे लागले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहू लागले म्हणजे ध्यानात येते की या व्यापारात खरी सत्ता केळी लावणाऱ्याच्या हाती कधीच फारशी नव्हती. ती होती केळे केव्हा पिकावे हे ठरविणाऱ्याच्या हाती.

प्रथम फळाचा स्वभाव पाहू. केळे झाडावरच पिकू दिले तर बहुधा साल तडकते, गर पिठूळ होतो आणि माणसाच्या आधी पाखरे हजर होतात. म्हणून घड भरला की तो हिरवाच कापतात. हिरव्या केळ्याच्या गरात सुमारे पाचवा हिस्सा पिष्ट असते. पिकताना या पिष्टाची साखर होते, सालीतील हरितद्रव्य नाहीसे होऊन खालचा पिवळा रंग दिसू लागतो, तुरटपणा जातो आणि सुगंध सुटतो. या काळात फळाचे श्वसन एकाएकी वाढते आणि ते स्वतः गरम होऊ लागते. एकदा ही क्रिया सुरू झाली की ती मागे फिरविता येत नाही. पहिले केळे पिवळे झाले की शेजारची फणी पिवळी होते, फणीमागून घड, आणि घडामागून सारी कोठी. केळ्याच्या दूरदेशीच्या व्यापारातील सारी अडचण या एका स्वभावात साठविलेली आहे.

हा व्यापार प्रथम नशिबाच्या भरवशावर चालला. लोरेन्झो डाऊ बेकर नावाचा अमेरिकी कप्तान १८७० साली जमैका बेटावरून परत जाताना आपल्या शिडाच्या जहाजावर केळ्यांचे १६० घड टाकून निघाला. घडास एक शिलिंग अशी त्याची खरेदी होती. वारा अनुकूल होता, अकराव्या दिवशी तो न्यूयॉर्कजवळच्या जर्सी सिटीला पोहोचला आणि तेथे त्याला घडामागे दोन डॉलर मिळाले. अमेरिकेच्या सामान्य माणसाला तेव्हा केळे ही नवलाईची वस्तू होती. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात एकेक केळे चकचकीत वर्खात गुंडाळून दहा सेंटला विकले जात होते. बेकरचा वारा त्या वेळी पडला असता तर त्याचे घड समुद्रात फेकावे लागले असते, आणि पुढे पुष्कळ जहाजांच्या नशिबी तेच आले. बेकरने अँड्र्यू प्रेस्टन या बोस्टनच्या व्यापाऱ्याबरोबर १८८५ साली 'बोस्टन फ्रूट कंपनी' उभी केली. इकडे मायनर कीथ हा गृहस्थ कोस्टा रिका देशात लोहमार्ग बांधीत होता. जंगल, ताप आणि दलदल यांत हजारो मजूर त्या मार्गावर बळी पडले. मार्ग तयार झाला, पण गाडीत बसावयास उतारू पुरेसे नव्हते. म्हणून कीथने रुळांच्या कडेने केळी लावून गाडीला माल निर्माण केला. १८९९ साली बोस्टनची जहाजे आणि कीथचे रूळ एकत्र आले आणि 'युनायटेड फ्रूट कंपनी' जन्मास आली. लावणीची जमीन, नेणारी गाडी आणि वाहणारे जहाज ही तिन्ही एका मालकीची झाली.

जहाज वाफेचे झाले तरी केळे ते केळेच. इंग्लंडला जमैकाहून येण्यास सुमारे दोन आठवडे लागत. तोवर लंडनला केळी मिळत ती जवळच्या कॅनरी बेटांवरून आलेली. एडवर्ड फाइफ या चहाच्या व्यापाऱ्याने १८८८ च्या सुमारास हा धंदा वाढविला. दूरच्या जमैकाचे केळे आणावयाचे तर त्याला वाटेत झोपवूनच आणले पाहिजे. मांस गोठवून आणण्याची विद्या तोपर्यंत साधली होती. १८८२ साली न्यूझीलंडहून निघालेले 'डनेडिन' हे जहाज गोठविलेले मांस घेऊन इंग्लंडला सुखरूप पोहोचले होते. परंतु मांस मेलेले असते आणि केळे जिवंत. मांसाला जितकी थंडी द्यावी तितकी थोडीच. केळ्याला मात्र सुमारे १३ अंश सेल्सियसच्या खाली नेले की त्याची साल काळवंडते आणि पुढे ते कधीच नीट पिकत नाही. त्याहून ऊब अधिक झाली तर ते जागे होते. अशा दोन धोक्यांच्या मधली एक अरुंद वाट यंत्राने दोन आठवडे, समुद्रावर, रात्रंदिवस सांभाळावयाची होती.

ही वाट १९०१ साली सापडली. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांच्या पुढाकाराने जमैका ते इंग्लंड अशी जहाजसेवा सुरू झाली. तिला वर्षाला ४०,००० पौंडांचे साहाय्य मिळत होते आणि त्याचा निम्मा बोजा खुद्द जमैकाच्या तिजोरीवर होता. 'पोर्ट मोरँट' हे थंड कोठ्यांचे जहाज त्या वर्षी केळी घेऊन ब्रिस्टलजवळच्या एव्हनमाउथ बंदराला लागले. त्याच वर्षी 'एल्डर्स अँड फाइफ्स' ही कंपनी निघाली आणि थोड्याच काळात तिचे भांडवल युनायटेड फ्रूटच्या हाती जाऊ लागले. युनायटेड फ्रूटने आपली जहाजे पांढरी रंगविली, कारण पांढरा रंग ऊन परतवितो आणि कोठी कमी तापते. लोक त्यांना कौतुकाने 'पांढरा ताफा' म्हणू लागले. त्या शुभ्रपणामागे सौंदर्यदृष्टीपेक्षा तपमापकाची काळजी अधिक होती.

केळे झोपवून आणणे हा अर्धा भाग झाला. त्याला वेळेवर जागे करणे हा दुसरा. लिव्हरपूलच्या किंवा शिकागोच्या फळवाल्याला हिरवा दगड नको होता. त्याला शनिवारच्या बाजारासाठी पिवळे केळे हवे होते, आणि बुधवारी नको होते. म्हणून प्रत्येक मोठ्या शहरात केळ्यांच्या वखारी निघाल्या. इंग्लंडात त्या बहुधा तळघरात असत. छताच्या आकड्यांना अखंड घड उलटे टांगावयाचे, खाली गॅसच्या ज्योती पेटवावयाच्या, जमिनीवर पाणी शिंपडून हवा दमट ठेवावयाची, दार बंद करावयाचे. वखारीचा जाणता माणूस दार उघडून आत डोकवी, हवेचा वास घेई, एखादे केळे बोटाने चाचपी आणि ज्योत कमी करावी की वाढवावी ते ठरवी. त्याचे शास्त्र त्याच्या नाकात आणि बोटांत होते. विचारले असते तर त्याने सांगितले असते की केळे उष्णतेने पिकते. सर्व जगाची तीच समजूत होती.

ही समजूत मोडली ती केळ्याने मोडली नाही, लिंबाने मोडली. कॅलिफोर्नियात लिंबे हिरवी तोडून बंद जागी घासलेटचे स्टोव्ह पेटवून पिवळी करण्याची रीत होती. स्टोव्ह काजळी धरीत, धूर करीत, आग लागण्याची भीती असे. तेव्हा काही बागाईतदारांनी सुधारणा म्हणून निर्धूर उष्णता देणारी साधने बसविली. ऊब तितकीच, पण लिंबे हिरवीच राहिली! अमेरिकेच्या शेती खात्यातील सीव्हर्स आणि ट्रू या दोघांनी १९१२ साली दाखवून दिले की लिंबू पिवळे करणारी वस्तू उष्णता नसून स्टोव्हच्या जळण्यातून निघणारे वायू ही आहे. पुढे त्याच खात्यातील डेनी याने १९२० नंतरच्या काही वर्षांत त्या वायूंतून नेमका गुन्हेगार हुडकून काढला. त्याचे नाव इथिलीन. म्हणजे ज्या काजळीला सगळे शिव्या देत होते तिच्याच पदराआड खरा कारागीर लपला होता.

हा वायू शास्त्रज्ञांना अगदी अनोळखी होता असे नाही. सेंट पीटर्सबर्ग येथे नेल्युबॉव्ह नावाच्या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की, प्रयोगशाळेतील वाटाण्याचे अंकुर वर वाढण्याऐवजी आडवे पडतात आणि बाहेरच्या हवेत नेले की सरळ होतात. दिव्यासाठी नळातून येणाऱ्या गॅसमधील इथिलीन त्याला कारण आहे, हे त्याने १९०१ साली प्रसिद्ध केले. १९१० साली जमैकात कझिन्स या शेती अधिकाऱ्याने इशारा दिला की, संत्री आणि केळी एका जहाजात शेजारी ठेवू नयेत. संत्र्यांतून काही तरी निघते आणि केळी अकाली पिकतात. त्या 'काही तरी'चा उलगडा पुढे केंब्रिजमध्ये झाला. तेथील शीतसंशोधन केंद्रात किड आणि वेस्ट हे दोघे फळांच्या श्वसनाचा अभ्यास करीत होते. पिकताना श्वसन कसे उसळते हे त्यांनी सफरचंदावर दाखविले होते. १९३४ साली गेन याने सिद्ध केले की पिकणारे फळ स्वतःच इथिलीन तयार करते. मग सर्व कोड्यांची एकदम उत्तरे मिळाली. एक पिकले केळे शेजाऱ्याला का पिकविते? ते त्याच्या कानात इथिलीन कुजबुजते म्हणून. आपल्या माउल्या कच्चे फळ तांदळाच्या डब्यात का पुरून ठेवीत? फळाचा स्वतःचा श्वास त्याच्याभोवती कोंडून राहावा म्हणून. प्राचीन ईजिप्तमध्ये लोक उंबराच्या नात्यातील एका फळाला झाडावरच चिरा पाडीत, म्हणजे ते लवकर पिके. जखम झालेले फळ इथिलीन सोडते, हे त्याचे कारण आज आपणांस ठाऊक आहे.

येथे आपल्याकडील रीतीचा उल्लेख केला पाहिजे. हिंदुस्थानात अनेक ठिकाणी केळ्यांचे घड बंद खोलीत रचून, पालापाचोळा किंवा गोवऱ्या धुमसत ठेवून, दार मातीने लिंपून घेत आणि दिवसभराने उघडीत. अपुऱ्या जळणाच्या धुरात इथिलीन असते. तेव्हा कॅलिफोर्नियाचा स्टोव्ह, लंडनच्या तळघरातील ज्योत आणि आपली धुरी ही सख्खी भावंडे होत. एवढ्यावरून 'आमच्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते' अशी द्वाही फिरविण्याचा मोह होतो, तो आवरावा हे बरे. पूर्वजांना रीत ठाऊक होती, कारण ठाऊक नव्हते. आणि लंडनच्या वखारवाल्याचीही तीच स्थिती होती. कारण कळल्याने फरक पडतो तो मापाचा. धुरात इथिलीन किती आहे हे कोणालाच सांगता येत नाही. त्यात काजळी असते, विषारी वायूही असतात. उलट शुद्ध इथिलीन हवेच्या दहा हजार भागांत एक भाग इतका असला तरी पुरतो. १४ ते १८ अंशांची हवा, भरपूर दमटपणा, एक-दोन दिवस इथिलीन, मग दार उघडून साचलेली कर्बवायूची हवा बाहेर आणि ताजी आत, आणि चार ते आठ दिवसांत हवे त्या वारी हव्या त्या रंगाचे केळे तयार. धंद्यात हिरव्या रंगापासून ठिपक्यांच्या पिवळ्यापर्यंत सात रंगांचा एक तक्ताच वापरतात. माप चुकले तर काय होते हे १९३६ च्या डिसेंबरात पिट्सबर्ग शहराने पाहिले. तेथील केळ्यांची एक वखार वायूच्या स्फोटाने उद्ध्वस्त झाली.

श्रोतेहो, आता या कथेच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. फळ झोपविणे आणि जागे करणे ही दोन्ही टोके यंत्राने बांधली गेली, तेव्हा मधला माणूसही त्याच दोरीने बांधला गेला. जहाज बंदराला लागणार अशी खबर आली की मळ्याला कापणीचा हुकूम सुटे. मग रात्र असो, पाऊस असो, काही तासांच्या आत घड कापून, वाहून, रुळांपर्यंत आणावे लागत. धक्क्यावर कंपनीचा माणूस घड पारखी. एखादा घड थोडा अधिक भरला आहे, वाटेत पिकेल, असे त्याला वाटले की तो नाकारला जाई आणि नुकसान लावणाऱ्याचे होई. कालपर्यंत जो निवाडा निसर्ग करी तो आता कंपनीच्या घड्याळाने करावयास आरंभ केला.

कोलंबिया देशातील केळीच्या मळ्यांवर १९२८ च्या नोव्हेंबरात मोठा संप झाला. मजुरांच्या मागण्या काही आकाशातल्या नव्हत्या. लेखी करार असावा, आठवड्यात एक दिवस सुटी असावी, मजुरी कंपनीच्या दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्यांत न देता रोख द्यावी, अशा त्या होत्या. संपवाल्यांना एक वर्म कळले होते की, कापलेले केळे थांबत नाही. पण हेच वर्म कंपनीला आणि सरकारलाही कळले होते. ५ आणि ६ डिसेंबरच्या मधल्या रात्री सिएनागा गावच्या स्टेशनाजवळच्या चौकात जमलेल्या लोकांवर सैन्याने गोळीबार केला. किती माणसे पडली याचा आकडा आजपर्यंत वादाचा राहिला आहे. तो ठरविता येत नाही ही गोष्टच त्या माणसांना किती मोल होते ते सांगते. पुढे १९५४ साली ग्वातेमाला देशात आर्बेन्झ यांचे निवडून आलेले सरकार उलथले गेले. त्या सरकारने भूमिसुधारणेच्या कायद्याखाली युनायटेड फ्रूटची पडीक जमीन घेतली होती, आणि उलथविण्यामागे अमेरिकी शासनाचा हात होता. एका पिवळ्या फळाच्या वेळापत्रकाला राज्ये आडवी येऊ दिली गेली नाहीत.

ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते त्या ग्राहकाला मात्र यातले काही दिसत नव्हते. त्याला केळे इतके सवयीचे झाले की ते नाहीसे झाले तेव्हाच त्याचे दूरपण कळले. महायुद्धात जहाजे तोफा आणि धान्यासाठी हवी होती, म्हणून ब्रिटिश सरकारने १९४० च्या नोव्हेंबरपासून केळ्यांची आयात बंद केली. पाच वर्षे इंग्लंडात केळे नव्हते. त्या काळात जन्मलेल्या मुलांनी ते चित्रातच पाहिले. ३० डिसेंबर १९४५ रोजी 'टिलापा' हे जहाज जमैकाची केळी घेऊन एव्हनमाउथला लागले, तेव्हा एखाद्या विजयी सेनापतीचे व्हावे तसे त्याचे स्वागत झाले.

फळ वेळेवर पिकवावयाचे तर सर्व फळे एकसारखी हवीत. एक घड चार दिवसांत आणि दुसरा सात दिवसांत पिकू लागला तर वखारवाल्याचे गणित कोसळते. म्हणून कंपन्यांनी एकच वाण धरला. त्याचे नाव 'ग्रो मिशेल'. जाड सालीचा, टिकाऊ, अखंड घड जहाजात रचला तरी न खरचटणारा. केळीला बी नसते. मुनव्यापासून नवे रोप होते, म्हणजे लक्षावधी एकरांवर एकाच झाडाच्या प्रती उभ्या होत्या. या प्रतींपैकी एकीला जो रोग मारील तो सर्वांना मारील, हे सांगावयास ज्योतिषी लागत नाही. मातीत राहणाऱ्या एका बुरशीने तसेच केले. 'पनामा रोग' असे तिच्या रोगाला नाव पडले. ही बुरशी मुळांतून शिरते, झाडाच्या पाण्याच्या वाटा बुजविते आणि मातीत दशकानुदशके दबा धरून राहते. कंपन्या मळे सोडीत गेल्या आणि नवी जंगले तोडीत गेल्या. १९६० च्या सुमारास तोडावयास जंगलही पुरेना. ग्रो मिशेलची सद्दी संपली.

त्याच्या जागी आले 'कॅव्हेंडिश' जातीचे केळे. त्याचा प्रवासही नवलाचा आहे. मूळ चीनचे हे रोप मॉरिशसमार्गे इंग्लंडात पोहोचले. डेव्हनशरच्या ड्यूकच्या चॅट्सवर्थ येथील काचघरात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने कोळशाच्या उबेवर ते वाढविले आणि १८३५ साली ते फुलले. हाच पॅक्स्टन पुढे १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी प्रसिद्ध स्फटिकगृह उभारणारा. ड्यूकच्या घराण्याचे नाव रोपाला मिळाले आणि मिशनऱ्यांच्या सामानातून ते दक्षिण समुद्रातील सामोआ बेटांपर्यंत गेले. पनामा रोगापुढे ते टिकले. पण त्याची साल नाजूक, म्हणून अखंड घडाऐवजी फण्या कापून पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरण्याची रीत आली, आणि वखारीतील माप अधिकच काटेकोर झाले. ग्राहकाने रंग तोच पाहिला. त्याच्या ताटातले केळे बदलले आहे हे फार थोड्यांच्या जिभेला कळले.

हे कॅव्हेंडिश म्हणजे आपल्याला परके नाही. खानदेशात ज्याला आपण बसराई म्हणतो ते त्याच कुळातले, आणि आज रावेर, यावल, चोपडा या भागांत लावले जाणारे ग्रँड नैनही त्याच कुळातले. सावदा आणि रावेरच्या स्टेशनांवरून दिल्लीकडे केळी जातात ती हिरवीच जातात. जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याकडची आणि खानदेशची केळी खोक्यांत भरून थंड पेट्यांतून आखाती देशांत जातात आणि तेथे पोहोचल्यावर पिकविली जातात. म्हणजे दुबईच्या बाजारात जे 'आयात केळे' विकले जाते त्यात आपल्या तापीकाठच्या शेतकऱ्याचाही घाम आहे. जमैकाच्या शेतकऱ्याने शंभर वर्षांपूर्वी जो प्रश्न विचारला असता तोच हा शेतकरी विचारू शकतो: मी विकतो ते हिरवे, लोक खातात ते पिवळे, या दोन रंगांच्या मधला पैसा कोणाचा?

दुसरीकडे, कॅव्हेंडिशवरही काळाची सावली पडली आहे. त्याच बुरशीचा एक नवा प्रकार पूर्व आशियातून निघाला आहे. २०१९ साली कोलंबियात त्याची नोंद झाली आणि भारतात बिहार व उत्तर प्रदेशातही तो आढळला आहे. एकसारखेपणाची हुंडी निसर्ग दुसऱ्यांदा वटवू पाहत आहे.

आणि आपल्या बाजारपेठांचे काय? मापाने पिकविण्याची विद्या हाती असता आपल्याकडे बरीच वर्षे कार्बाइडची आडवाट चालली. खाणीतील आणि जुन्या सायकलींच्या दिव्यांत जे खडे वापरीत तेच हे कॅल्शियम कार्बाइड. ओल लागली की त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो. तो इथिलीनची दुबळी नक्कल करतो. साल पिवळी होते, गर मात्र पुष्कळदा मागे राहतो. शिवाय बाजारी कार्बाइडमध्ये सोमलाचे आणि फॉस्फरसचे विषारी अंश असतात. जुन्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांनी त्याला बंदी केली होती आणि २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांनीही ती कायम ठेवली. २०१६ साली इथिलीन वायूला दहा लाख भागांत १०० भाग या मर्यादेपर्यंत रीतसर अनुमती मिळाली. तरीही चोरवाट पुरती बुजलेली नाही, कारण पिकवण-खोली उभारण्यास भांडवल लागते आणि कार्बाइडच्या पुडीला चार पैसे. लोकांच्या मनात मात्र या दोन्हींचा गोंधळ आहे. 'वायूने पिकविलेले' म्हटले की भला माणूस दचकतो. इथिलीनला भिण्याचे कारण नाही, तो फळाचाच श्वास आहे. विष असते ते कार्बाइडमधील भेसळीत. हा भेद नागरिकांनी ओळखला तर प्रामाणिक वखारवाल्याचा धंदा टिकेल आणि लबाडाचा बसेल.

आरंभी मी व्याकरणाचा आधार घेतला होता. प्रयोजक क्रियापदाचा कर्ता आसनावर बसला म्हणजे त्याला क्रियेचे फळ मिळते, तशी क्रियेची जबाबदारीही त्याच्यावर येते. 'पिकते' असे म्हणणाऱ्याला जाब विचारता येत नाही. 'पिकवितो' असे म्हणणाऱ्याला विचारता येतो. कोणत्या वायूने पिकविले, किती मापाने, हिरव्या घडाला काय भाव दिला, आणि तो घड कापणाऱ्याला काय मिळाले, हे चार प्रश्न त्याला विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. जुन्या काळी ते विचारण्यात अर्थ नव्हता, कारण उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. आज प्रत्येकाचे उत्तर कोणाच्या ना कोणाच्या वहीत लिहिलेले असते. ती वही उघडून मागावी, एवढेच आपणांस करावयाचे आहे. आणि ते आपल्याच पेठेतील केळीवाल्यापासून आरंभिता येण्यासारखे आहे.